लिफ्टचं दार: मुलुंडमधल्या एका सोसायटीचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत, बी विंगच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. ‘फ्लॅट नं. २०१ मधील रहिवाशांनी आपल्या मुलास लिफ्टजवळ एकटे सोडू नये. पुन्हा तक्रार आल्यास कमिटीस पुढील कारवाई करणे भाग पडेल. आदेशावरून.’ खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का. त्याच बोर्डावर, बरोबर वरच्या कोपऱ्यात, कित्येक वर्षांपासून एक पिवळी पडलेली पट्टी होती: ‘लिफ्टचे दार नीट लावावे.’ ती कुणी वाचत नव्हतं. या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध आहे हे कळायला आम्हाला अडीच महिने लागले.

मी विशेष शिक्षिका आहे. ऑटिस्टिक मुलांबरोबर काम करते, आणि हल्ली मुलांपेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांशीच जास्त बोलावं लागतं. या लेखातल्या मुलाला मी ओंकार म्हणणार आहे. ते त्याचं नाव नाही. मजल्यांचे, फ्लॅटचे आकडेही बदललेत. त्याच्या आईने मजकूर वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आहे.

घडलं ते असं. रथसप्तमीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. चौथ्या मजल्यावरच्या आजी दुसऱ्या मजल्यावर हळदीकुंकवाला आल्या होत्या. वाण घेतलं, निघाल्या, लिफ्टचं दार उघडलं आणि मग यजमानीणबाईंशी खऱ्या गप्पा सुरू झाल्या. महत्त्वाचं काय ते निघताना दारातच आठवतं, हे मी वेगळं सांगायला नको. इमारत जुनी, सात मजल्यांची. लिफ्टला जाळीची सरकती दारं, एक बाहेरचं, एक आतलं. दार उघडं राहिलं की आतली रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागते: ‘कृपया दरवाजा बंद करें. प्लीज क्लोज द डोअर.’ पुन्हा हिंदी, पुन्हा इंग्रजी. दार लागेपर्यंत तिला दम नाही. आजी एका हाताने जाळी धरून बोलत होत्या, बाई त्यांच्या पाठीमागे बोलत होती. २०१ चं दार धाडकन उघडलं, ओंकार धावत आला, आजींना खांद्याने बाजूला सारून त्याने जाळी खेचली. आजी पडल्या. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, चार आठवडे प्लास्टर. वाणातला स्टीलचा डबा जिन्यावरून गडगडत खाली गेला, तो आवाज सगळ्या विंगने ऐकला.

जाळी लागली, बाई गप्प झाली, ओंकार घरात निघून गेला. त्याने आजींकडे वळूनही पाहिलं नाही, हे पुढच्या प्रत्येक बैठकीत सांगितलं गेलं.

ओंकार पंधरा वर्षांचा. उंची पाच फूट नऊ इंच, ओठांवर मिसरूड. पाच वर्षांचा होता तेव्हाही तो लिफ्टची दारं लावत फिरायचा आणि तेव्हा ‘आमचा लिफ्टमन’ म्हणून त्याचं कौतुक व्हायचं. याच सेक्रेटरींनी त्याला त्याबद्दल चॉकलेट दिलेलं आहे. मुलगा तेच करत होता, फक्त आता त्यामागे साठ किलो वजन होतं. हे वळण मी फार घरांत पाहिलं आहे. लहान मूल हात फडफडवत उड्या मारतं तेव्हा लोक हसतात, फार तर कीव करतात. त्याच मुलाचा आवाज फुटल्यावर त्याच उड्यांची भीती वाटते. ऑटिझमच्या जागृतीची पोस्टर्स बघा, बहुतेक सगळी पाच-सहा वर्षांच्या गोऱ्यागोमट्या मुलांची. दाढी आलेला ऑटिस्टिक माणूस पोस्टरवर कुठे दिसतो?

नोटीस लागली त्या रात्री ओंकारच्या वडिलांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागितली. शेवटची ओळ: ‘कृपया समजून घ्यावे.’ ही ओळ त्यांनी इतक्या वेळा लिहिली आहे की फोन ती आपोआप पुरी करतो. आपल्याकडे ‘समजून घ्या’ म्हणजे समजा, असा अर्थ नसतोच. पाहुण्यांना गादी कमी पडली, समजून घ्या. लग्नाच्या हॉलचा एसी बंद पडला, समजून घ्या. म्हणजे चालवून घ्या, कानाडोळा करा. बी विंगने तसं दहा वर्षं समजून घेतलं होतं. वाईट माणसं नव्हती ती. पण चालवून घेण्याला मुदत असते, आणि ती आजींच्या मनगटापाशी संपली. ओंकार ते दार का लावतो, हे या दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी त्याला तो नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखते.

वडिलांकडे एक जाड फाईल आहे. सरकारी रुग्णालयातून मिळालेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, ‘निरामय’ योजनेच्या १ लाखापर्यंतच्या आरोग्यविम्याचे कागद. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम. ओंकार मध्यम. या कागदाची किंमत मी कमी करत नाही. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं, २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले तेव्हा त्या यादीत ते आलं. पण लिफ्टपुढे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘मध्यम’ या शब्दातून काय कळणार?

त्याच कायद्याचं कलम ९२ वडिलांनी पिवळ्या मार्करने रंगवून ठेवलं होतं. अपंग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या हेतूने चारचौघांत तिचा अपमान केला किंवा तिला धमकावलं, तर किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद. बोर्डावर फ्लॅट नंबर छापणं हा अपमान नाही तर काय, असा त्यांचा सवाल. मला त्यांचा राग रास्तच वाटला. आई म्हणाली, ‘केस करू, जिंकूही. मग रोज त्याच लिफ्टने वर यायचंय.’ फाईल परत कपाटात गेली.

तिच्या एका मैत्रिणीने महिला मंडळातर्फे माझं भाषण ठरवलं. तारीख अर्थात २ एप्रिल, जागतिक ऑटिझम जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये हा दिवस ठरवला, २००८ पासून तो पाळतात, आणि त्या आठवड्यात आम्हा लोकांना सत्यनारायणाच्या गुरुजींसारखी मागणी असते. निळे फुगे, प्रोजेक्टर, चाळीसेक माणसं. ऑटिझमचं पहिलं गाजलेलं वर्णन करणाऱ्या डॉक्टर लिओ कॅनरपासून मी सुरुवात केली: १९४३, ११ मुलं. मग स्पेक्ट्रम म्हणजे काय, ते आजार का नाही, वगैरे. प्रश्न नेहमीचेच आले. लसीमुळे होतं ना? (नाही. १२ मुलांवरच्या ज्या १९९८ च्या लेखातून ही भीती पसरली, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.) आई नोकरी करते म्हणून का? (आई थंड काळजाची म्हणून मूल ऑटिस्टिक होतं, हा सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला, पण आयांना टोमणे मारायला अजून कामी येतो.) पहिल्या मजल्यावरचे काका ऑटिस्टिकसाठीचा मराठी शब्द धरून म्हणाले, ‘स्वमग्न म्हणजे आपल्यातच मग्न. त्यांना आजूबाजूचं कळतच नाही, असंच ना?’ मी घाईत काहीतरी उत्तर दिलं. टाळ्या वाजल्या, समोसे संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस जिथल्या तिथे.

भाषण वाईट झालं नव्हतं. मी त्यांना ऑटिझम सांगितला होता, आणि त्यांची तक्रार ऑटिझमबद्दल नव्हतीच, एका दाराबद्दल होती. त्या दाराचं मला काही माहीत नव्हतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात दोन संध्याकाळी, पाच ते आठ, मी वही घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्यात बसले. वहीत तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी युक्ती, आणि कंटाळवाणी म्हणून सगळ्यात कमी वापरली जाणारी. दोन संध्याकाळी मिळून दार एकवीस वेळा उघडं राहिलं. इस्त्रीवाला, कुरिअरवाला, क्लासला पळणारी मुलं, एकदा खुद्द चेअरमन. खालून कुणीतरी जाळी खडखडवून ‘दार लावाऽऽ’ ओरडायचं. बाईचं बोलणं एकदोनदा होऊन थांबलं तर ओंकार बाहेर यायचा नाही. तिसऱ्यांदा सुरू झालं की यायचा, मग लिफ्ट सातव्या मजल्यावर का असेना. धावत वर जायचा, दार लावायचा, चालत खाली यायचा. येताना चेहरा मोकळा.

सातव्या मजल्यावरचं याला ऐकू कसं येतं? मी त्याच्या खोलीत गेले. पलंग ज्या भिंतीला लावलेला, त्या भिंतीच्या पलीकडे लिफ्टचा शाफ्ट. मी भिंतीला कान लावला. आधी मोटरची घरघर, दोराचं करकरणं, आणि त्यात ती बाई, शब्द न् शब्द. दहा वर्षं हा मुलगा त्या बाईच्या शेजारी डोकं टेकून झोपत होता. आवाज, उजेड, स्पर्श यांचा फार त्रास होणं किंवा त्यांची जाणीव फारच कमी असणं, हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत २०१३ मध्ये, डीएसएम-५ हे निदानाचं अमेरिकी संदर्भपुस्तक आलं तेव्हा स्पष्ट लिहिलं गेलं. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पालकांना मी हे ऐकवत असते. भिंतीला कान लावायला मला सहा वर्षं लागली.

आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांना द्यायचं उत्तर तिथे सापडलं. सात मजल्यांवरचं प्रत्येक उघडं दार ज्याला ठाऊक असतं, त्याला आपल्यातच मग्न कसं म्हणायचं? ‘स्वमग्न’ हा शब्द मी तेव्हापासून जवळजवळ सोडलाच आहे. काही पालकांना तो आवडतो, आपल्या भाषेतला वाटतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसरी गोष्ट आईने चहा टाकता टाकता सांगितली. ओंकार स्वतःचे शब्द थोडे बोलतो. बरंचसं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतो. घरात त्याला ‘टेप लागली’ म्हणतात. रविवारी त्याचे सख्खे काका येऊन दोन-दोन तास राजकारणावर बोलायला लागले की हा समोर उभा राहून म्हणतो, ‘कृपया दरवाजा बंद करें.’ न्हाव्याचं मशीन मानेवर फिरायला लागलं, ‘कृपया दरवाजा बंद करें.’ कुकरच्या शिट्ट्या थांबेनात, तेच. सगळ्यांना गंमत वाटायची. मी मात्र कप खाली ठेवला. अशा प्रतिध्वनीसारख्या बोलण्याला बहुतेकदा काहीतरी काम असतं, हे बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन या अभ्यासकांनी १९८१ मध्येच मांडलं होतं. ओंकारच्या भाषेत त्या वाक्याचा अर्थ साधा होता: हे थांबवा. ते म्हणणारी बाई रात्रंदिवस भिंतीतून तेच म्हणत होती, आणि साऱ्या इमारतीत ते ऐकणारा तो एकटाच होता.

वही घेऊन मी कमिटीपुढे गेले. ‘चेअरमन, ६.४०, दार उघडं’ ही नोंद वाचल्यावर चेअरमन आधी खोकले, मग हसले. आणि मग जे होतं ते झालं, म्हणजे सगळे एकदम उत्साहात आले. त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून बाईची वायर कापली. प्रश्न मिटला म्हणून मी समाधानाने रिक्षात बसले.

दोन दिवस ओंकार लिफ्टपाशी जाऊन जाळी उघडायचा, वाट बघायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. तिसऱ्या दिवशी त्याने कपाळ भिंतीवर आपटून घेतलं; सुपारीएवढं टेंगूळ. रात्री आईचा फोन आला, ती रडत नव्हती, फक्त एवढंच म्हणाली, ‘बाई, त्याला विचारलं होतं का आपण?’ नव्हतं. इलेक्ट्रिशियनला विचारलं, चेअरमनना विचारलं, खर्च कुठल्या खात्यातून टाकायचा तेही विचारलं. माझ्या वहीतली ही सगळ्यात लाजिरवाणी नोंद आहे.

आईने विचारलं. कागदावर तीन चित्रं काढली: लिफ्ट आणि बोलणारं मोठं तोंड, लिफ्ट आणि फुली मारलेलं तोंड, लिफ्ट आणि इवलंसं तोंड. ओंकारने तिन्ही बाजूला सारली. वडिलांचा फोन उचलला आणि त्यात कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला बाईचा आवाज लावला. हिंदी वाक्य, इंग्रजी वाक्य, आणि बोट ठेवून बंद. पुन्हा लावला. हिंदी, इंग्रजी, बंद. असं आठ-दहा वेळा, आणि दरवेळी बंद करताना आईकडे बघून.

त्याला बाई हवी होती. बोलून गप्प बसणारी.

इलेक्ट्रिशियनने लॅमिंग्टन रोडवरून दुसरा डबा आणला, एकदाच बोलून थांबणारा. वॉचमनने आपल्या डोक्याने त्याच्या जाळीवर कापसाचा बोळा ठेवून चिकटपट्टी मारली. खोलीतला पलंग समोरच्या भिंतीला सरकवला. हे दहा वर्षांपूर्वीही जमलं असतं. लिफ्टपासून दीड हातावर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली: आतलं माणूस बाहेर येईपर्यंत त्यामागे थांबायचं. ओंकार ती पट्टी चार दिवसांत शिकला. बाकीच्या बी विंगचं शिक्षण अजून चालू आहे.

सेक्रेटरींनी जुनी नोटीस गुपचूप काढली आणि नवीन मसुदा केला: ‘आपल्या सोसायटीतील विशेष मुलगा चि. ओंकार याच्यासाठी सर्वांनी लिफ्टचे दार लावून सहकार्य करावे.’ त्यांनी तो मनापासून लिहिला होता. आईने वाचला आणि म्हणाली, ‘काका, दार लावायचा नियम सोसायटीचाच आहे ना? मग तो पाळलात तर आमच्यावर उपकार कसे?’ सेक्रेटरी दुखावले, दोन दिवस फोन उचलला नाही. मला क्षणभर वाटलं, हिने जरा गोडीने घ्यायला हवं होतं. आज वाटतं, तिचंच बरोबर होतं. त्या कागदावर ओंकारचं नाव लागलं असतं तर उद्या दार लावायला विसरलेला माणूसही त्याच्यावरच चिडला असता. अखेर नवीन कागद लागलाच नाही. ती जुनी पिवळी पट्टी तेवढी लॅमिनेट करून घेतली.

आजींचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. त्यांना भरपाई नको होती, पैसे तर नकोच. ‘एकदा सॉरी म्हणू दे त्याला, बास.’ आई त्याला घेऊन वर गेली. ‘ओंकार, सॉरी म्हण.’ ओंकार म्हणाला, ‘सॉरी म्हण.’ आजींना वाटलं, कार्टं टिंगल करतंय. दार पुन्हा लागलं.

डेमियन मिल्टन नावाच्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही ही अर्धीच गोष्ट आहे. इतरांनाही त्याचं कळत नाही, गाठ दोन्हीकडून असते. आजींना मी हे नाव सांगितलं नाही. त्यांना वहीची पानं दाखवली, आणि भिंतीला कान लावायला खाली घेऊन आले. जुना डबा वॉचमनच्या टेबलाच्या खणात पडला होता; तो जोडून पाच मिनिटं चालवला. आजी दीड मिनिटात बाजूला झाल्या. ‘अगंबाई,’ एवढंच म्हणाल्या. मग खोलीतून बाहेर येताना: ‘पण ढकलायचं नाही हो कुणाला.’ बरोबरच आहे. आई त्याला तेच शिकवते आहे.

त्या अजूनही संध्याकाळी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत. मी त्यांना काही म्हणणार नाही, मनगट त्यांचं होतं. मात्र दुसऱ्या मजल्यावर उतरल्या की जाळी खेचून २०१ च्या दिशेने ओरडतात, ‘लावलं रेऽ!’ हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आतून कधी उत्तर येतं, कधी नाही.

गणपतीची सगळ्यांना धास्ती होती. काही झालं नाही. तो कानांवर हेडफोन लावून मागे बसला, दुसऱ्या आरतीला उठून गेला, मोदक घरी पोचवले.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मुख्य विषय पुनर्विकासाचा होता. नवीन इमारतीत आपोआप बंद होणारी स्टीलची दारं असतील. मधली काही वर्षं हे कुटुंब भाड्याच्या घरात, अनोळखी विंगमध्ये, नव्या शेजाऱ्यांबरोबर काढणार. आईला या विचारानेच झोप लागत नाही, आणि त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही. आयत्या वेळच्या विषयात तिने एवढंच मागितलं की इमारत पाडताना लिफ्टमधला तो डबा आम्हाला द्या. कुणाची हरकत नव्हती, फक्त खजिनदारांनी मुद्दा काढला की सोसायटीची मालमत्ता फुकट देता येत नाही, ऑडिटमध्ये अडकेल. वीस मिनिटं चर्चा झाली. किंमत ठरली एक्कावन्न रुपये. वडिलांनी तिथल्या तिथे दिले.

इमारत कधी पडेल देव जाणे, पण पावती फाडून झाली आहे: ‘जुने ध्वनियंत्र, १ नग, रु. ५१ फक्त.’ ती त्या जाड फाईलमध्ये आहे, यूडीआयडी कार्डाच्या मागच्या खणात.